पाणी उतरलं तर बुडेल असं शहर

ॲमस्टरडॅमच्या बोटीत बसलं की पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी विचारतंच, "ही घरं पडत कशी नाहीत?" आमच्या वेळी हा मान आईचा होता. समोर पाच-सहा घरांची रांग. एक उजवीकडे कललेलं, दुसरं त्याच्या खांद्यावर मान टाकून, तिसरं पुढे वाकून पाण्यात तोंड बघतंय. आई म्हणाली, "अगं, आपल्याकडे असतं तर पालिकेनं केव्हाच 'धोकादायक इमारत' म्हणून पाटी लावली असती."

तिचा प्रश्न बरोबर होता, फक्त भीतीची दिशा चुकली होती. पाण्यातलं शहर म्हटलं की आपल्याला वाटतं, पाणी चढेल आणि घरं बुडतील. तो धोका इथे आहेच. पण कालव्याकाठच्या या जुन्या घरांना पाणी उतरण्याचंही तेवढंच भय आहे. हे एकदा कळलं की या शहरातली प्रत्येक विचित्र गोष्ट जागच्या जागी बसते. तेवढं समजून घेऊन गेलात तर बोटीतल्या हेडफोनमधली रेकॉर्ड ऐकली नाही तरी चालेल.

आधी जमिनीबद्दल. ॲमस्टरडॅमच्या खाली मुरूम नाही, खडक तर नाहीच. आहे ती पीट नावाची माती: हजारो वर्षं साचलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि लव्हाळी, स्पंजासारखी पाणी धरून बसलेली. साधारण हजार वर्षांपूर्वी शेतकऱ्यांनी इथे चर खणून ते पाणी काढलं, जमीन कोरडी केली, शेती केली. पिळलेला स्पंज आक्रसतो तशी पीट आक्रसली. शिवाय हवा लागल्यावर ती कुजून संपतही गेली. जमीन खचली, पाणी जवळ आलं, म्हणून आणखी चर खणले, म्हणून जमीन आणखी खचली. हॉलंड समुद्रसपाटीच्या खाली आहे असं आपण शाळेत शिकलो, पण त्यातला बराचसा खड्डा माणसानंच केलाय हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग पाणी अडवायला बांध आले. ॲमस्टेल नदीवर तेराव्या शतकात एक बांध घातला गेला, त्यावरून गावाचं नाव पडलं. १२७५ साली हॉलंडच्या काउंट पाचव्या फ्लोरिसनं या बांधाजवळ राहणाऱ्या लोकांना जकात माफ केली. गावाचा पहिला लेखी उल्लेख तो. कोकणातल्या खारजमिनीला बांध घालून उघाडी बसवतात किंवा गोव्यात खाजणाला मानस असतं, ते पाहिलेल्यांना यातली युक्ती वेगळी सांगायला नको. ओहोटीला दार उघडतं, आतलं पाणी बाहेर जातं, भरतीचं पाणी स्वतःच्या जोरानं दार मिटतं. डचांनी हेच केलं, फक्त पुढची साडेसातशे वर्षं थांबले नाहीत. आज ज्याला दाम चौक म्हणतात, जिथे कबुतरं आणि सेल्फी काढणारे सारख्याच संख्येनं असतात, तो म्हणजे तो बांध. तिथे उभे राहिलात तर पायाखाली नदी अडवलेली आहे.

प्रसिद्ध कालवे त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आले. १५८५ मध्ये अँटवर्प शहर स्पॅनिश सैन्याच्या हाती पडलं आणि तिथले व्यापारी, कारागीर उत्तरेकडे पळाले. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी निघाली. गावात माणसं मावेनात, तेव्हा १६१३ पासून जुन्या गावाभोवती अर्धवर्तुळाकार कालवे खणायला सुरुवात झाली: हेरेनख्राख्त, कायझर्सख्राख्त, प्रिन्सेनख्राख्त. म्हणजे अनुक्रमे सरदारांचा, सम्राटाचा आणि राजपुत्राचा कालवा. 'ख्राख्त' म्हणताना घसा खाकरल्यासारखा आवाज आला तर उच्चार बरोबर आहे समजा. त्यांच्या आत सिंगेल आहे, तो जुन्या गावाचा खंदक. हे खोदकाम हौसेचं नव्हतं. कालवा एकाच वेळी गटार होता, मालवाहतुकीचा रस्ता होता, पावसाचं पाणी साठवायची जागा होती, आणि त्यातून निघालेली माती शेजारच्या जमिनीत भरून ती उंच करायची होती. देखणेपण हा वरचा नफा. या कालवेपट्ट्याला २०१० मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं.

पश्चिमेला प्रिन्सेनख्राख्त ओलांडला की जोर्दान नावाची वस्ती लागते. तिथले रस्ते एकदम तिरके होतात. कारण सोपं आहे: श्रीमंतांच्या भागासाठी आखणी झाली, कामकरी वस्तीसाठी कुणी कष्ट घेतले नाहीत. शेतातले जुने चर होते तसे ठेवून त्यांवरच गल्ल्या बेतल्या. आज तिथलं घर सामान्य माणसाला परवडत नाही, ही गोष्ट वेगळी.

आता आईच्या प्रश्नाकडे. चिखलावर विटांचं चार मजली घर कसं उभं राहतं? उलट्या रोवलेल्या जंगलावर. पीट आणि चिकणमातीच्या खाली साधारण बारा मीटरवर वाळूचा घट्ट थर आहे. नॉर्वे आणि बाल्टिक किनाऱ्यावरून आणलेले सूचिपर्णी झाडांचे सोट त्या थरापर्यंत ठोकायचे. हे काम माणसांची टोळी करी. वजनदार ठोकळा दोरानं वर ओढायचा आणि सोडायचा, ताल धरायला गाणी म्हणायची. भिंतीच्या रेषेत सोटांच्या जोड्या, त्यांवर आडवे वासे, त्यांवर फळ्या आणि मग वीटकाम. दाम चौकातला राजवाडा, जो १६५५ मध्ये नगरभवन म्हणून उघडला, अशा १३,६५९ सोटांवर उभा आहे. आकडा लक्षात ठेवायची तिथल्या शाळेतली युक्ती अशी: वर्षाचे दिवस ३६५, पुढे एक लावा, मागे नऊ. मध्यवर्ती रेल्वे स्टेशन १८८९ चं, त्याखाली ८,६८७ सोट.

लाकूड आणि पाण्यात? कुजत नाही का? इथेच खरी गोम आहे. लाकूड कुजवते ती बुरशी, आणि बुरशीला ओलावा लागतो तसाच प्राणवायूही लागतो. सोट पूर्ण पाण्याखाली असेल तर प्राणवायू पोचत नाही आणि लाकूड शतकानुशतकं टिकतं. काही जीवाणू तिथेही कुरतडत असतात, पण फार सावकाश. संकट येतं ते भूजल खाली गेल्यावर. सोटाची डोकी उघडी पडली, हवा लागली की काही वर्षांत ती भुसभुशीत होतात आणि वरची भिंत बसते. कोरडा उन्हाळा, गळकी गटारवाहिनी जी आजूबाजूचं पाणी शोषून घेते, शेजाऱ्यानं तळघरासाठी केलेला उपसा, काहीही पुरतं. म्हणून या शहरात जमिनीत नळ्या घालून भूजलाची पातळी सतत मोजतात. आणि पाया बदलायची वेळ आलीच तर खर्च घरमालकाचा. एक लाख युरोच्या घरात तो सहज जातो.

तर घर डाव्या-उजव्या बाजूला कललेलं दिसलं की समजायचं, एका बाजूचे सोट खचलेत. शेजारची घरं चिकटून असल्यामुळे ती एकमेकांना धरून ठेवतात. एकत्र कुटुंबासारखंच, कुरकुर करत.

पण घर पुढच्या बाजूला, म्हणजे कालव्याकडे झुकलेलं असेल तर तो दोष नाही. ते मुद्दाम तसं बांधलंय. मान वर करून बघा, जवळपास प्रत्येक घराच्या शेंड्यावर एक तुळई बाहेर आलेली असते आणि तिला लोखंडी हूक. त्याला कप्पी-दोर अडकवून सामान वर ओढायचं. भिंत सरळ असती तर पेटारे खिडक्यांवर आपटले असते, म्हणून दर्शनी भिंतच थोडी पुढे वाकवली. हे हूक शोभेचे नाहीत. आतला जिना इतका अरुंद आणि उभा असतो की आजही सोफा, कपाट, पियानो खिडकीतूनच आत जातो. तुमचं हॉटेल जुन्या कालवाघरात असेल तर बुकिंग करताना लिफ्ट आहे का ते विचारा. मी विचारलं नव्हतं. चौथ्या मजल्यापर्यंत दोन मोठ्या बॅगा नेताना बाबा एक शब्द बोलले नाहीत, ते जास्त जिव्हारी लागलं.

घरं अरुंद का, याचं उत्तर प्रत्येक गाइड देतो: रुंदीवर कर होता म्हणून. ते उत्तर अपुरं आहे. कालव्याला लागून असलेली जागा म्हणजे थेट बोटीतून माल उतरवायची सोय, त्यामुळे तिचा प्रत्येक फूट महाग. नव्या कालव्यांवर ठरावीक रुंदीचे, साधारण साडेआठ मीटरचे प्लॉट आखून विकले गेले आणि प्रत्येकजण मागे खोलवर बांधत गेला. ज्यांच्याकडे फारच पैसा होता त्यांनी दोन-दोन प्लॉट घेतले. हेरेनख्राख्तच्या ज्या वळणावर ही घरं आहेत, त्याला आजही सोनेरी वळण म्हणतात.

घरं अशी मागे लांबवर गेल्यामुळे एक गोष्ट घडली जी सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिचा घराच्या रचनेशी संबंध आहे हे लक्षात येत नाही. पुढचं घर, मध्ये उजेडासाठी छोटी मोकळी जागा आणि मागे दुसरं घर, अशी मांडणी असायची. प्रिन्सेनख्राख्त २६३ च्या अशाच मागच्या घरात जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४ ॲन फ्रँक ही ज्यू मुलगी आणि आणखी सातजण नाझींपासून लपून राहिले. रस्त्यावरून किंवा कालव्यातून ते मागचं घर दिसतच नाही. आज तिथे संग्रहालय आहे, त्याची तिकिटं फक्त ऑनलाइन मिळतात. दर मंगळवारी, सहा आठवड्यांनंतरच्या आठवड्याची. दारात जाऊन बघू, हा आपला नेहमीचा विचार तिथे चालत नाही.

पुढच्या घराचे वरचे माळे म्हणजे वखार. खाली मालक राहायचा, डोक्यावर मसाले, कापड, तंबाखू. या शब्दाशी आपलं नातं आहे. वेंगुर्ल्यात आज पडक्या अवस्थेत दिसते ती डच वखार त्याच डच ईस्ट इंडिया कंपनीची, सतराव्या शतकातली. शिवाजी महाराजांच्या काळातल्या घडामोडींच्या डच नोंदी इतिहासकार वापरतात, त्यांतल्या बऱ्याच वेंगुर्ल्याहून गेलेल्या पत्रांतल्या आहेत. कंपनीची ॲमस्टरडॅमची कचेरी औदे होखस्ट्रात या रस्त्यावर आहे. आता ती विद्यापीठाची इमारत आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडच्या माणसानं तिथल्या अंगणात पाच मिनिटं उभं राहावं. आग्रह नाही, पण राहावं. या कालव्यांच्या श्रीमंतीत गुलामांचा व्यापार आणि वसाहतींची लूट होती, हे शहरही आता लपवत नाही. २०२१ मध्ये तिथल्या महापौरांनी त्यातल्या शहराच्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली.

माळ्याचा आतून अनुभव घ्यायचा असेल तर 'माळ्यावरचा आपला देव' अशा अर्थाच्या नावाचं एक संग्रहालय आहे, ओन्स लिव्ह हेर ओप सोल्डर. कॅथलिकांना उघड उपासनेची बंदी होती तेव्हा एका व्यापाऱ्यानं तीन घरांचे माळे जोडून १६६३ मध्ये त्यात अख्खं चर्च बसवलं. बाहेरून नेहमीचं घर. माझ्या मते मोठ्या संग्रहालयांच्या रांगेत अर्धा दिवस घालवण्यापेक्षा हे एक तास पाहिलेलं बरं.

आता पुन्हा पाण्याकडे, कारण सगळा डोलारा पातळीवर आहे. कालव्यांचं पाणी ठरलेल्या शून्याच्या, म्हणजे उंची मोजायच्या आधार-पातळीच्या, ४० सेंटिमीटर खाली राखलं जातं. पाऊस धो धो पडला तर जादा पाणी नॉर्थ सी कालव्यातून एय्मोइडनला जातं. तिथे ओहोटी असेल तर ते आपोआप समुद्रात उतरतं, नाहीतर सेकंदाला २६० घनमीटर फेकणारे पंप ते बाहेर टाकतात. म्हणजे ॲमस्टरडॅमच्या पाण्यात व्हेनिससारखी भरती-ओहोटी नाही. 'उत्तरेचं व्हेनिस' हे बिरुद पर्यटन खात्यांना आवडतं, पण तुलना फसवी आहे. व्हेनिस खाजणातल्या बेटांवर समुद्राच्या श्वासाबरोबर वर-खाली होतं, आणि ॲमस्टरडॅम नळ-झडपा लावलेल्या टाकीत बसलंय.

टाकी म्हटली की ती धुवावीही लागते. पूर्वी घरातली घाण थेट कालव्यात जायची आणि उन्हाळ्यात श्रीमंत मंडळी वासानं गावाबाहेरच्या बंगल्यांत पळायची. पुढे मैला नेणाऱ्या गाड्या आल्या. बोल्डोट हा तिथला अत्तराचा नामांकित ब्रँड, म्हणून लोकांनी त्या गाडीला 'बोल्डोटची गाडी' नाव ठेवलं. असा विनोद पुण्यातही खपला असता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंपघर बांधलं आणि झडपा बंद करून एका बाजूनं ताजं पाणी आत सोडायचं, दुसऱ्या बाजूनं शिळं बाहेर ढकलायचं, ही पद्धत पडली. १९३२ मध्ये उत्तरेला अफ्सलाउटडेक हा प्रचंड बांध पूर्ण झाला आणि शेजारचा खारा उपसागर हळूहळू गोड्या पाण्याचा झाला. कालवे धुण्याची पद्धत आजही आहे. पाणी आता इतकं बरं आहे की बदकं, बगळे सुखानं राहतात. तळाशी मात्र दुसरंच काही असतं: दरवर्षी बारा ते पंधरा हजार सायकली लोखंडी पंजा बसवलेल्या नावेनं बाहेर काढतात. कालवा तीन मीटर खोल, एक मीटर पाणी, एक मीटर गाळ आणि एक मीटर सायकली, असं तिथले लोक म्हणतात.

पर्यटकाला जाणवतील असे अलीकडचे बदल काठाच्या भिंतींमुळे आहेत. या भिंतीही लाकडी सोटांवरच उभ्या आहेत, हातगाड्या आणि घोडागाड्यांच्या हिशेबानं बांधलेल्या. त्यांवरून विसाव्या शतकात ट्रक धावले, गाड्या उभ्या राहिल्या, वर एल्म झाडांची मुळं. १ सप्टेंबर २०२० ला ख्रिमबुर्खवाल इथली भिंत कालव्यात कोसळली. माणूस दगावला नाही, पण महापालिकेची झोप उडाली, कारण तपासायच्या भिंती सुमारे २०० किलोमीटर आहेत. म्हणून अनेक कालव्यांकाठी लोखंडी पत्रे ठोकलेले, फोटोच्या मधोमध टेकू उभे केलेले दिसतील. चिडू नका, तेच बघण्यासारखं आहे. साडेसात टनांहून जड वाहनांना मध्यवर्ती भागात मज्जाव आहे, त्यामुळे ग्रुप टूरची मोठी बस हॉटेलच्या दारात येत नाही. सामान ओढत चालायची तयारी ठेवा, आणि चाकांची बॅग विटांच्या रस्त्यावर किती आवाज करते ते आधी घरी करून बघा.

दुसरा भार माणसांचा. वस्ती नऊ लाखांच्या वर, आणि पर्यटकांचे मुक्काम वर्षाला दोन कोटी रात्रींच्या आत ठेवायचे असं २०२१ मध्ये ठरवावं लागलं. नव्या हॉटेलला परवानगी हवी तर जुनं एखादं बंद व्हायला हवं. हॉटेलच्या भाड्यावर २०२४ पासून साडेबारा टक्के पर्यटक कर आहे, तो बुकिंगच्या रकमेत धरलाय का ते नीट वाचा. रेड लाइट भागात रस्त्यावर गांजा ओढायला बंदी आहे आणि खिडक्यांतल्या बायकांचे फोटो काढायचे नाहीत. दुसरी गोष्ट सांगावी लागू नये, पण लागते.

विमानतळावरून शहरात ट्रेननं वीसेक मिनिटं लागतात. तिकीट वेगळं काढावं लागत नाही, संपर्काशिवाय चालणारं बँकेचं कार्ड चढताना टेकवायचं आणि उतरतानाही. उतरताना विसरलात की जादा पैसे कापले जातात. लालसर रंगाचा रस्ता सायकलींचा असतो. त्यावर उभं राहून नकाशा पाहणाऱ्याला घंटी ऐकू येते, मग डच शिव्या. बोट घ्यायची तर मोठी काचबंद घेण्यापेक्षा छोटी, उघडी, विजेवर चालणारी घ्या. पुलाखालून जाताना विटांना हात लागेल असं वाटतं. हेरेनख्राख्त आणि रेखुलिर्सख्राख्त मिळतात त्या कोपऱ्यावरून एकामागे एक सात पूल दिसतात, संध्याकाळी कमानींना दिवे लागतात तेव्हा जा.

आणि गर्दीचा कंटाळा आला की हार्लेमरडेक या रस्त्याकडे चालत जा. तिथे एनहोर्नस्लाउस नावाचं कालव्यावरचं जुनं जलद्वार आहे, त्याच्या भिंतीत एक पांढरा संगमरवरी दगड बसवलाय. बहुतेक लोक त्याच्यावरून चीज सँडविच खात निघून जातात. सतराव्या शतकाच्या शेवटी महापौर योहानेस हुड यांनी वर्षभर भरतीचं पाणी मोजून शहराची पातळी ठरवली आणि असे आठ दगड बसवले. त्यांतला मूळ जागी राहिलेला हा एकच. त्या पातळीतून पुढे जो शून्य निघाला, त्याच्याशी युरोपातल्या बऱ्याच देशांच्या डोंगरांची उंचीही जोडलेली आहे. दगडावर एक आडवी खाच आहे आणि जुन्या डचमध्ये कोरलंय: समुद्रबांधाची उंची, शहरपातळीच्या वर नऊ फूट पाच इंच. आईनं खाचेकडे पाहिलं, मग खाली कालव्याच्या पाण्याकडे पाहिलं, आणि पुलाच्या कठड्यावरून एक पाऊल मागे सरकली.